सोफा २२१३

डॅनिश फर्निचर डिझायनर बॉर्गे मोगेन्सेन (१९१४–७२) यांनी १९६२ मध्ये आखलेला, चामड्याने मढवलेला तीन आसनी सोफा. डेन्मार्कमधील फ्रेडेरिसिया गावाचेच नाव घेतलेला कारखाना तो आजही बनवतो. वेगळे नाव त्याला कधी चिकटले नाही. कारखान्याचा क्रमांक हीच त्याची ओळख.

मोगेन्सेन मूळचे सुतार. पुढे कोपनहेगनच्या कला अकादमीत ते कोरे क्लिंट यांच्याकडे शिकले. क्लिंट यांचा भर मोजमापावर होता आणि शिष्यानेही तो वसा सोडला नाही: कपाट आखायचे तर त्यात राहणारे सदरे आणि काटे-चमचे आधी मोजायचे. १९४२ ते १९५० या काळात मोगेन्सेन डॅनिश सहकारी ग्राहक संस्थांच्या संघाच्या फर्निचर विभागाचे प्रमुख होते. साध्या घरांना परवडेल असे फर्निचर देणे हे तिथले काम. अशा माणसाचे नाव वकिलाती आणि मंत्र्यांच्या दालनांत दिसणाऱ्या महागड्या सोफ्याशी जोडले जावे, हा योगायोग गमतीचा आहे. अर्थात हा सोफा त्यांनी केला तो स्वतःच्या घरासाठी.

घडण वरकरणी अगदी सरळ. लाकडी सांगाडा, पातळ उभ्या बाजू, चौकोनी लाकडी पाय, कडांना चामड्याचीच पायपिंग आणि पिसे भरलेल्या मोकळ्या उशा. पाठीमागची बाजूही चामड्यानेच मढवलेली असल्यामुळे तो भिंतीला टेकवावा लागत नाही, खोलीच्या मधोमध ठेवता येतो. एवढ्या कोऱ्या आकारात डोळा शेवटी ठरतो तो चामड्यावरच.

हे चामडे बहुधा अनिलिन पद्धतीचे, म्हणजे रंग आत मुरवलेले पण वरून रंगाचा थर न दिलेले असते. ओळखायचे असेल तर आडबाजूला पाण्याचा एक थेंब टाकावा. थर असलेल्या चामड्यावर तो मोत्यासारखा उभा राहतो. अनिलिनवर पाहता पाहता पसरून गडद डाग उमटतो आणि वाळल्यावर बहुधा विरतो. वनस्पतिज द्रव्यांनी कमावलेले चामडे वापराने आणि उजेडाने गडद होत जाते. बाभळीच्या सालीने कमावलेली कोल्हापुरी वहाण ज्याने पायात मुरवली आहे, त्याला हे वेगळे सांगायला नको.

निगा म्हणजे मुख्यतः चामड्यातला ओलावा आणि स्निग्धांश टिकवणे. ते कोरडे पडले की तंतू ताठरतात आणि बसण्याच्या घडीवर भेगा जातात. म्हणून हीटरपासून आणि थेट उन्हापासून सोफा लांब हवा. एकदा भेग पडली की कोणतेही क्रीम ती सांधत नाही, फार तर झाकते. आठवड्याला मऊ ब्रशने धूळ काढावी, अधूनमधून घट्ट पिळलेल्या फडक्याने संपूर्ण पृष्ठभाग पुसावा. फक्त डागाएवढेच पुसले तर कडेला ओलाव्याचे वर्तुळ राहते. चहा सांडला तर टिपावा, घासू नये. कपड्याचा साबण टाळावा, कारण चामडे किंचित आम्लधर्मी असते आणि साबण अल्कधर्मी. वर्षातून एकदोनदा चामड्यासाठीचे क्रीम पातळ हाताने लावले की पुरे. खोबरेल किंवा बूटपॉलिश लावण्याचा मोह मात्र आवरावा: तेल खवट होते, चिकटते, धूळ धरते, पॉलिश कपड्यांना लागते.

कोकणासारख्या दमट हवेत प्रश्न उलटा, बुरशीचा. तिथे सोफा भिंतीपासून वीतभर पुढे ओढावा, उशा उभ्या करून पंखा सोडावा. आलेली बुरशी घराबाहेर, कोरड्या ब्रशने झाडावी; घरात झाडली तर ती फक्त जागा बदलते.

उशांचे तंत्र जुन्या गादीसारखेच. बसून बसून पिसे कोपऱ्यांत सरकतात, म्हणून दोन्ही बाजूंनी थोपटून ती मध्ये आणायची आणि उशांची जागा आलटून पालटून बदलायची. डोके टेकते तिथे केसांच्या तेलाने आलेला काळपटपणा सहसा जात नाही. तो रगडून काढू गेल्यास भोवतीचा रंगच उडतो.

नव्याने मढवायची वेळ आलीच तर उसवलेले जुने चामडे टाकू नये. कुशनवाल्याला बेतायला त्याहून चांगला नमुना मिळत नाही.