रडू थांबवायची गोळी

मंडळी, आजचा विषय वीकेंडच्या मानाने जड आहे, पण बरेच दिवस डोक्यात घोळतोय.

१९१७ साली फ्रॉइडचा शोकावरचा एक निबंध प्रसिद्ध झाला. माणूस गेल्याचं दुःख म्हणजे आजार नव्हे, काळाबरोबर ते ओसरतं, मध्ये ढवळाढवळ करू नये, असं त्याचं म्हणणं. (फ्रॉइडचं सगळंच मला पटतं असं नाही, हे मात्र पटतं.) पुढे १९६३ मध्ये व्हॅलियम, म्हणजे डायझेपाम, बाजारात आलं. १९७७ साली जागतिक आरोग्य संघटनेने अत्यावश्यक औषधांची पहिली यादी काढली, त्यात डायझेपाम होतं. यादी गरजेचीच होती. पण त्यामुळे झालं असं की जिथे मानसोपचारतज्ज्ञ पोचला नाही, तिथे गोळी पोचली. आपल्याकडचंच बघा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात मध्य प्रदेशात लाख लोकांमागे ०.०५ मानसोपचारतज्ज्ञ निघाले, म्हणजे वीस लाखांत एक! केरळात १.२.

अशा ठिकाणी रडणारा माणूस समोर आला तर डॉक्टर काय करणार? आजोबा गेले तेव्हा आजीचं रडणं थांबेना, म्हणून तिला झोपेचं इंजेक्शन दिलं गेलं. आजोबांना नेलं तेव्हा ती झोपेत होती. पुढची कित्येक वर्षं रात्रीची गोळी काही सुटली नाही. डॉक्टर वाईट नव्हते हो, बाहेर साठ पेशंट बसलेले. आमच्या भाषेत सांगायचं तर एरर मेसेज बंद केला आणि तिकीट क्लोज.

गंमत बघा, २०१३ या एकाच वर्षी दोन उलट गोष्टी झाल्या. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेने नैराश्याच्या निदानातली शोकग्रस्तांसाठीची सूट काढून टाकली. वाद अर्थातच पेटला. आणि जागतिक आरोग्य संघटनेने बजावलं की मानसिक आजार नसलेल्या शोकग्रस्तांना डायझेपामच्या जातीची औषधं देऊ नका. सरसकट समुपदेशनही नको!

मग करायचं काय? तज्ज्ञ नसलेल्या दवाखान्यांसाठी त्यांनी त्याच वर्षी सूचना काढल्या. त्यात डॉक्टरने विचारायचा एक प्रश्न आहे: तुमच्या रीतीप्रमाणे गेलेल्या माणसाचे विधी झाले का? नसतील, तर अडलं कुठे?