कुटुंबवैद्य व प्रतिजैविके

रोगजंतूंचा नाश करणारी अथवा त्यांची वाढ रोखणारी औषधे खाजगी दवाखान्यातील वैद्य कोणत्या रुग्णास, कोणत्या मात्रेत व किती दिवस देतो, याविषयी त्याच्या अंगवळणी पडलेला प्रघात. पेनिसिलिन दुर्मिळ होते तोवर त्याची योजना जपून होत असे. परंतु पुण्याजवळ पिंपरी येथे 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन होऊन ते देशातच तयार होऊ लागले, पुढे अमॉक्सिसिलिनसारख्या कॅप्सूलही स्वस्त झाल्या, तेव्हा ज्या संयमामागे बव्हंशी टंचाईच होती तो टंचाईबरोबरच ओसरला. अपुऱ्या मात्रेने जंतू औषधाला दाद देईनासे होतात, हा इशारा अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1945 सालच्या नोबेल व्याख्यानातच दिला होता.

सर्दी, साधा खोकला, घसादुखी ही दुखणी बहुतांशी विषाणुजन्य असतात व प्रतिजैविकांवाचून बरी होतात, हे वैद्यास ठाऊक नसते असे नव्हे. परंतु घशात स्ट्रेप्टोकॉकस असेल आणि तो उपेक्षिला गेला, तर क्वचित संधिवाताचा ज्वर होऊन हृदयाच्या झडपा कायमच्या निकामी होतात; तपासणीची सोय हाताशी नसते; आणि रोजंदारी बुडवून आलेला रुग्ण तर ‘डॉक्टर, जरा पॉवरची गोळी द्या’ असे म्हणत समोर बसलेला असतो. अशा वेळी एक कॅप्सूल पुडीत टाकणे हा वैद्याच्या दृष्टीने रोगापेक्षा अनिश्चिततेवरचा उपचार असतो. ताप आपल्या गतीने तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरतो, त्याचे श्रेय कॅप्सूलला व डॉक्टरांच्या हातगुणाला मिळते, आणि पुढच्या खेपेस तीच मागणी अधिक ठामपणे होते.

ज्या दवाखान्यांत तपासणीच्या फीमध्येच औषधाची किंमत धरलेली असते, तेथे पुड्या बहुधा दोन-तीन दिवसांच्याच बांधल्या जातात व ‘बरे नाही वाटले तर दाखवा’ असे सांगितले जाते. बरे वाटलेला रुग्ण अर्थातच परत येत नाही. अनावश्यक औषध आणि अपुरी मुदत हे दोन दोष अशा प्रकारे एकाच पुडीत सामावतात. आणि त्यांपैकी दुसऱ्याचा ठपका केवळ रुग्णाच्या बेफिकिरीवर ठेवण्याचा दस्तूर अन्यायाचा आहे.

विषमज्वराचा इतिहास या बाबतीत उद्बोधक आहे. क्लोरॅम्फेनिकॉल हे त्यावरील हुकमी औषध मानले जाई. 1972 साली केरळातील कालिकत येथे त्याला न जुमानणाऱ्या जंतूंची साथ उद्भवली. त्यानंतर आलेले सिप्रोफ्लॉक्सॅसिनही 1990 नंतरच्या काळात निष्प्रभ होत गेले, व आता भिस्त सेफिक्झीम, सेफ्ट्रायॅक्सोन, ॲझिथ्रोमायसिन यांवर आहे. त्यातच विडाल ही स्वस्त पण भरवशाची नसलेली रक्तचाचणी किंचित सकारात्मक आली की ‘टायफॉइड निघाला’ असा निर्णय होतो आणि विषमज्वर नसलेल्यालाही हीच औषधे मिळतात. याउलट, मुंबईच्या पुरात वावरलेल्यांना लेप्टोस्पायरोसिस होऊ नये म्हणून डॉक्सिसायक्लिन देणे ही आगाऊ योजना असली तरी सयुक्तिक आहे. तेव्हा प्रत्येक कॅप्सूलकडे संशयाने पाहण्याचेही कारण नाही.

केंद्र शासनाने मार्च 2014 पासून ‘एच-1’ ही अनुसूची अंमलात आणून तीतील औषधांसाठी दुकानदाराने रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव निराळ्या वहीत नोंदवावे आणि ती वही तीन वर्षे जपावी, असा दंडक घातला. तथापि, दवाखान्यांतून सर्वाधिक खपणारी अमॉक्सिसिलिन व ॲझिथ्रोमायसिन ही दोन औषधे त्या मूळ यादीत नव्हती. शिवाय आपल्या रुग्णास स्वतः औषध देणाऱ्या नोंदणीकृत वैद्यास विक्रीच्या परवान्यातून मुभा असल्याने, त्याने बांधलेली पुडी दुकानदाराच्या वहीत उमटत नाही.