टॅरिफ, तारीफ, मार्फत, उर्फ

न्हावाशेवा बंदरात बेकरीच्या मालाचा कंटेनर उतरला की आधी प्रश्न येतो तो 'हेडिंग'चा. टॅरिफ उघडायचे, मालाचा क्रमांक ठरवायचा आणि एजंटामार्फत शुल्क भरून माल सोडवायचा. या एका व्यवहारातले 'टॅरिफ' आणि 'मार्फत' हे दोन्ही शब्द एकाच अरबी कुळातले आहेत.

ऐन, रे आणि फे या तीन अक्षरांचा अरबी धातू म्हणजे ओळखणे, जाणणे. त्यापासून 'तारीफ' म्हणजे ओळख करून देणे, जाहीर करणे. भूमध्य समुद्रावरच्या व्यापारातून हा शब्द इटालियनमध्ये 'तारिफ्फा' झाला, दरांचे जाहीर पत्रक या अर्थाने. पुढे फ्रेंच आणि इंग्रजीत गेला. तोच फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला तो स्तुतीचा अर्थ घेऊन, कारण ओळख करून देताना गुणच आधी सांगितले जातात. 'मारिफत' म्हणजे ओळख. ओळखीतून काम होते, म्हणून 'मार्फत'. आणि ज्या नावाने लोक ओळखतात ते 'उर्फ'.

टॅरिफ चाळताना हा मूळ अर्थ पदोपदी भेटतो. १९८८पासून लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत मालाचे पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात. यीस्टचे हेडिंग २१०२. पण यीस्ट जिवंत असेल तर २१०२.१० आणि मृत असेल तर २१०२.२०. बेकिंग पावडर त्याच हेडिंगखाली, २१०२.३०. तिच्यातला मुख्य घटक असलेला खाण्याचा सोडा मात्र एकटा आला तर रसायनांच्या २८व्या प्रकरणात जातो, २८३६.३०वर. आम्लधर्मी क्षार आणि स्टार्च मिसळला की त्याची ओळखच बदलते. कोको पावडर बिनसाखरेची असेल तर १८०५, साखर घातलेली असेल तर १८०६. व्हाइट चॉकलेटला बेकरीवाले चॉकलेटच म्हणतात. टॅरिफ मात्र त्याला साखरेच्या मिठाईत, १७०४मध्ये बसवते.

दालचिनीचे उदाहरण तर फारच बोलके. फारसी 'दारचिनी' म्हणजे चीनचे लाकूड. पण पातळ, नाजूक सालीची खरी दालचिनी श्रीलंकेची. चीनकडून येणारी जाड साल म्हणजे कॅशिया, आणि आपल्या बाजारात तीही दालचिनी म्हणूनच विकली जाते. ०९०६ या हेडिंगखाली श्रीलंकेच्या जातीला तिच्या शास्त्रीय नावाने वेगळी जागा दिलेली आहे. इथे बाजारातले उर्फ पुरत नाही.

ही रीत नवी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शुल्कशाळेच्या ध्वजापाशी आलेल्या व्यापाऱ्याने आपल्या मालाचे प्रमाण आणि किंमत स्वतः बोलून सांगायची, असा नियम आहे. शुल्काआधी सांगणे येते, ते तेव्हाही आणि आजही.

म्हणूनच मला वाटते की वर्गीकरणाचे निम्मे वाद दर ठरवताना नव्हे, तर मालाचे वर्णन लिहितानाच जन्माला येतात. इन्व्हॉइसवर 'बेकरीचा कच्चा माल' एवढेच लिहून भागत नाही. यीस्ट जिवंत की मृत, कोकोत साखर आहे की नाही, दालचिनी कोणत्या जातीची, हे आयातदाराने आधीच नेमके लिहावे. टॅरिफ या शब्दाने मुळात तेवढेच मागितले आहे: मालाची खरी ओळख.