वाटाड्या

पावसाळा सुरू झाला की आमच्या मुलुंडात सोसायटीच्या व्हॉट्सअॅपवर जाहिराती पडायला लागतात. भंडारदरा एका दिवसात, फक्त तुमच्या कुटुंबासाठी स्वतंत्र गाडी, धबधबे, घाटमाथा, जेवण आणि सोबत 'लोकल गाइड'. पहाटे पाचला दारातून उचलणार, रात्री दहा-अकराला परत दारात सोडणार. घाटकोपर, बोरिवली, अंधेरी, सगळीकडे हेच पीक. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आम्हीही गेलो. मी, बायको, मेहुणा आणि त्याची दोन मुलं. धबधबे छान होते. ते कसे होते हे सांगायला मी बसलेलो नाही, फोटो सगळ्यांकडे आहेत. माझ्या डोक्यात राहिला तो त्या जाहिरातीतला 'लोकल गाइड'.

या माणसाला आपल्याकडे जुना आणि सुंदर शब्द आहे. वाटाड्या. वाट दाखवणारा. सह्याद्रीच्या या पट्ट्यात 'वाट माहीत असणं' या गोष्टीची किंमत गेल्या दोनशे वर्षांत किती वेळा बदलली, हे पाहायला लागलो आणि गंमत वाटण्यापेक्षा अस्वस्थच व्हायला झालं.

आधी रस्त्याबद्दल. आमच्या घराजवळून जाणाऱ्या लाल बहादूर शास्त्री मार्गाला जुनी माणसं अजून आग्रा रोड म्हणतात. घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंड अशी उपनगरं एका दोऱ्यात ओवणारा हा रस्ता म्हणजे मुंबई-आग्रा मार्गाचंच पहिलं टोक. तो ठाण्यातून, भिवंडीच्या बाजूने, शहापूरवरून थळ घाटात शिरतो. थळ घाट म्हणजे आपला कसारा घाट. नाशिककडचा माल कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांना याच बाजूने उतरायचा, तेव्हापासूनची ही वाट. रेल्वेही त्याच मागाने गेली. १८५३ साली ठाणे, १८६१ च्या १ जानेवारीला कसारा, आणि बरोबर चार वर्षांनी, १८६५ च्या १ जानेवारीला घाट चढून इगतपुरी. शेवटच्या त्या पंधरा-सोळा किलोमीटरला चार वर्षं लागली यावरूनच तो डोंगर काय आहे ते कळावं.

आता समृद्धी महामार्ग झाला. त्याचा आमणे ते इगतपुरी हा शेवटचा तुकडा जून २०२५ मध्ये उघडला आणि सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यातून घाट न बघताच माणूस वर पोचतो. आमच्या ड्रायव्हरने विचारलं, "समृद्धीने जाऊ का साहेब? झटपट पोचू." मेहुण्याची मुलं एका सुरात नाही म्हणाली. धबधबे बघायला निघालेल्या माणसाने डोंगराच्या पोटातून कशाला जायचं? जुन्या घाटानेच गेलो.

रस्ता नसताना या घाटवाटा कुणाच्या ताब्यात होत्या? मुख्यतः महादेव कोळ्यांच्या. अकोले, इगतपुरी, जुन्नर, शहापूर या सगळ्या डोंगरपट्ट्यातली ही जमात. किल्ल्यांची राखण, घाटांची राखण, जाणाऱ्या-येणाऱ्या मालावर नजर, हे काम त्यांच्या नाईकांकडे पिढ्यान्पिढ्या होतं आणि त्याबद्दल त्यांना हक्क होते. वाट माहीत असणं हे तेव्हा वतन होतं. (घाटाच्या तोंडाशी पैसे घेण्याची आपली परंपरा तशी जुनीच. नाणेघाटातला तो दगडी रांजण जकातीचा म्हणतात. आमचा मुलुंड चेकनाका त्याच घराण्यातला. लहान गाड्यांचा टोल तिथे २०२४ च्या ऑक्टोबरात माफ झाला तेव्हा चुकल्यासारखं वाटलं होतं!)

१८१८ साली पेशवाई गेली आणि ही व्यवस्था मोडली. किल्ल्यांवरच्या शिबंद्या इंग्रजांना नको होत्या. किल्लेच नको होते. भंडारदऱ्याच्या उत्तरेला अलंग, मदन आणि कुलंग हे तीन किल्ले शेजारी शेजारी उभे आहेत. त्यांच्या कातळात खोदलेल्या पायऱ्या इंग्रजांनी सुरुंग लावून उडवल्या असं सांगतात. आज तिथे ट्रेकर मंडळी दोर लावून चढतात आणि दोर लावायला पुन्हा खालच्या गावातलाच माणूस नेतात. पायऱ्या उडवता आल्या, वाट माहीत असलेली माणसं मात्र तिथेच राहिली. मग पुढची तीस वर्षं सरकारला त्याच माणसांची डोकेदुखी झाली. हक्क गेले, सारा रोखीत मागायला लागले, सावकार आले, जमिनी गहाण पडल्या. १८३० च्या आगेमागे एक मोठं बंड झालं, ते मोडलं. आणि १८४० नंतर अकोले तालुक्यातल्या देवगावचा राघोजी भांगरे उठला.

राघोजीबद्दल आपण शाळेत काही शिकत नाही, निदान मी तरी शिकलो नाही. सावकारांची खतपत्रं जाळणं, त्यांची नाकं कापणं, ठाणं लुटणं आणि पोलीस यायच्या आत घाट उतरून कोकणात किंवा कोकणातून चढून देशावर. नगर, नाशिक, पुणे आणि ठाणे अशा चारही भागांतली सरकारी यंत्रणा त्याच्यामागे होती. हद्दी कागदावर होत्या, त्याच्या पायाखाली एकच डोंगर होता. वाट माहीत असणं हा आता गुन्हा झाला होता. तो सापडला तोही डोंगरात नव्हे. १८४८ च्या जानेवारीत पंढरपुरात, वारकऱ्यांच्या गर्दीत, सपाट मुलखात पकडला गेला. तिथल्या वाटा त्याच्या नव्हत्या. २ मे १८४८ रोजी त्याला ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली.

त्यानंतर दोनच वर्षांनी, मे १८५० मध्ये, ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट चौक गावातून माथेरानचा डोंगर चढला. चौकच्या पाटलाला सोबत घेऊन. तेव्हापासून 'माथेरानचा शोध मॅलेटने लावला' असं आपण लिहितो. तिथे त्याच्या नावाचा झरासुद्धा आहे. पाटलाच्या नावाचं मी काही पाहिलेलं नाही. मौजेसाठी डोंगरावर जाणाऱ्या साहेबाची गोष्ट आणि डोंगरातच राहणाऱ्या माणसाची गोष्ट, दोन्ही एकाच जिल्ह्याच्या दप्तरात, दोन वर्षांच्या अंतराने.

असो. इगतपुरीच्या पुढे घोटीला आम्ही उजवीकडे वळलो. डाव्या हाताला कळसूबाई ढगात. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, पण त्या दिवशी पायथ्याच्या पुढे काहीच दिसेना. शेंडीला आमचा वाटाड्या गाडीत बसला. पंचविशीतला मुलगा, पायात प्लॅस्टिकचे बूट, हातात छत्री नाही. माझ्या बायकोला ताई, मला लगेच काका! त्याचे दिवसाचे बाराशे ठरले होते.

तलावाला वळसा घालणारा रस्ता आहे. मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी. पावसाळ्यात दर दोन वळणांवर कड्यावरून पाणी. पण या भागातले सगळ्यात प्रसिद्ध दोन धबधबे बघा कसे आहेत. अम्ब्रेला फॉल निसर्गाने केलेलाच नाही. विल्सन धरणाच्या मोरीतून सोडलेलं पाणी एका गोल खडकावरून पसरून पडतं, त्याला छत्रीचा आकार येतो. मोरी बंद, छत्री बंद. आणि प्रवरेवरचा रंधा धबधबा, तो खरा, दीडशे फुटांच्या वरचा. पण त्याच्या डोक्यावरून पाणी कोदणीच्या वीजघराकडे वळवलेलं असल्यामुळे पावसाळा सरला की तो बराचसा सरकारी वेळापत्रकावर वाहतो. आपण 'निसर्गाच्या कुशीत' म्हणून जातो तिथे शंभर वर्षांचं पाटबंधारे खातं आधीच बसलेलं आहे. लोणावळ्याचं भुशी धरणही मुळात रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी हवं म्हणून बांधलेलं. त्याच्या मागच्या धबधब्यात ३० जून २०२४ ला एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. आमच्या घरच्यांनी 'गाइड असेल तरच' अशी अट घातली होती ती त्यामुळेच. आणि अट योग्य होती. दोन ठिकाणी आम्ही उतरायला निघालो तेव्हा या मुलाने नुसतं पाण्याच्या रंगाकडे बघून "इथं नको" म्हणून पुढे काढलं.

विल्सन धरणाचं काम १९१० साली सुरू झालं आणि १९२६ साली मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. नाव त्यांचंच. हेतू स्पष्ट होता. खालचा प्रवराकाठ दुष्काळी, त्याला कालव्याने पाणी द्यायचं. आणि ते दिलंही. संगमनेर, राहुरी, श्रीरामपूरचा ऊस त्या पाण्यावर उभा राहिला. १९५०-५१ च्या हंगामात लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून सहकारी साखर कारखाना सुरू झाला, त्याचं कौतुक आपण भूगोलाच्या पुस्तकात वाचलंच आहे. मी त्या कौतुकाच्या विरोधात नाही. नगर जिल्ह्यातली काही गावं त्या पाण्याने खरोखर वर आली.

पण रतनवाडीला अमृतेश्वराच्या देवळाशी चहा पिताना मी त्या मुलाला विचारलं, पावसाळ्यानंतर काय करतोस? म्हणाला, "काका, दिवाळीपर्यंत भात. मग नारायणगाव, संगमनेर, तिकडं. टमाटे, कांदे, जे असंल ते. घरचे सगळेच जात्यात." मी म्हटलं, सगळे? तर हसून म्हणाला, "पानी जातंय तिकडं आमी जातो."

त्याने ते काही फार गंभीरपणे म्हटलं नाही. पण या भागात चांगल्या वर्षी पाच हजार मिलिमीटरपर्यंत पाऊस पडतो. मुंबईच्या दुपटीहून जास्त. एवढं पाणी अंगावर पडून माणसाला फेब्रुवारीत मजुरीसाठी बागायती मुलखात उतरावं लागतं, आणि गावात हंडे घेऊन उतारावरच्या झऱ्याशी जावं लागतं, हे त्याने अम्ब्रेला फॉलच्या माहितीच्याच आवाजात सांगितलं.

घाटघरला कोकणकड्यावर गेलो तेव्हा नशिबाने दहा मिनिटं ढग फाटले. खाली सरळ शहापूर तालुका. आमची बाजू. कड्याच्या या बाजूचं पाणी प्रवरेतून गोदावरीत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात, त्या बाजूचं अरबी समुद्रात. मधल्या मधे जे अडवता येतं ते अडवलेलं आहे. तानसा १८९२, मोडकसागर १९५७, अप्पर वैतरणा, भातसा, २०१४ चं मध्य वैतरणा. तानसाचे ते अगडबंब नळ मुलुंड-भांडुपमधून जातात, आमच्या लहानपणी त्यांच्यावर आम्ही चालायचो. मुंबईचं जवळपास अर्धं पाणी एकट्या भातशातून येतं, आणि शहापूरच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर लागतात हे दर मे महिन्याला पेपरात येतं. म्हणजे घाटाच्या वरच्या गावांचं पाणी उसाला आणि खालच्या गावांचं पाणी मला.

तिथेच एक विलक्षण गोष्ट आहे. घाटघरच्या वरच्या धरणातलं पाणी चारशे मीटरच्या आसपास खाली, चोंढ्याच्या धरणात सोडतात आणि त्यावर २५० मेगावॉट वीज करतात. विजेची मागणी कमी असली की तेच पाणी पंपाने पुन्हा वर चढवतात. २००८ पासून हे चाललंय. मेहुण्याच्या धाकट्या मुलाला ते इतकं आवडलं, की परत येईपर्यंत तो 'उलटा धबधबा'च म्हणत होता.

मुंबईत 'घाटी' ही शिवी कशी झाली याचा विचार मी त्या कड्यावर केला. घाटावरून उतरून आलेला हमाल, गिरणी कामगार, भांडी घासणारी बाई. आणि आता आपण गाडी करून, पैसे मोजून घाट चढतो, फोटोत ढग यावेत म्हणून थांबतो. दोनशे वर्षांत वाट माहीत असण्याचं वतन झालं, गुन्हा झाला, मग रस्ते झाल्यावर ते ज्ञान बिनकामाचं झालं आणि आता चार महिन्यांपुरते दिवसाचे बाराशे. त्याला या बाराशेबद्दल तक्रार नव्हती. उलट जास्त गाड्या याव्यात असंच त्याला वाटत होतं. 'पर्यटनाने वाट लागली' असं म्हणायला मुंबईकराला सोपं जातं.

संध्याकाळी शेंडीला तो उतरला तेव्हा मी पैसे देताना विचारलं, कधी मुंबईला येतोस का? म्हणाला, येतो की, वर्षातून एकदा. आम्ही मुंबईत कुठे राहतो विचारलं. मुलुंड सांगितलं. "म्हंजे ठान्याच्या अलीकडं. तुमाला जेल जवळच."

मला आधी कळेना. मग त्याने सांगितलं, २ मेला आमच्याकडची माणसं ठाण्याच्या जेलपाशी राघोजींना मानवंदना द्यायला जातात. गाडी केली तर गाडीने, नाहीतर कसाऱ्यावरून लोकलने. ठाण्याला उतरायचं, जांभळी नाक्यावरून पुढं, कोर्टाच्या बाजूनं चालत. पाऊस पुन्हा सुरू झाला होता, ड्रायव्हर घाई करत होता, आणि तो खिडकीत वाकून मला ठाण्यातली वाट समजावून सांगत होता.