वितळतार, मोटारगाडीतील
मोटारगाडीच्या विद्युत् मंडलातून प्रमाणाबाहेर प्रवाह वाहू लागल्यास स्वतः वितळून मंडल खंडित करणारा धातूचा बारीक दुवा. तो दिव्याचे किंवा उपकरणाचे रक्षण करतो, असा समज रूढ आहे. वस्तुतः तो रक्षण करतो ते मुख्यतः तारेचे. मोटार-उद्योगाला हे उमगण्यास बराच काळ लागला.

चार्ल्स केटरिंग यांचा विद्युत् आरंभक १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत आला आणि त्यानंतर मोठी संचायक घटमाला गाडीचे आवश्यक अंग बनली. ६ किंवा १२ व्होल्ट दाबाने माणसाला धक्का बसत नाही. परंतु मंडलसंक्षेप झाल्यास अशा घटमालेतून शेकडो अँपिअर प्रवाह वाहतो व तारेचे निरोधन पेट घेते. गाडीचा सांगाडाच प्रवाहाच्या परतीचा मार्ग असल्याने एखाद्या ठिकाणी निरोधन घासले गेले तरी तेवढे पुरते. असे असूनही १९२७ च्या अखेरीस आलेली फोर्डची ‘मॉडेल ए’ वितळतारेविनाच विकली गेली. ब्रिटिश गाड्यांत पुढील दिवे पुष्कळदा असेच असुरक्षित मंडलावर असत. रात्री भरवेगात दोन्ही दिवे एकदम विझणे हाही धोकाच होता. प्रत्येक दिव्याला वेगळी वितळतार, हा त्यावरील खरा उपाय.

तारेची जाडी केवळ ती किती तापते यावरून ठरत नाही; कमी दाबाच्या मंडलात वाटेत होणारी दाबाची घट अधिक महत्त्वाची ठरते. २·५ चौ. मिमी. छेदाच्या ५ मी. तांब्याच्या तारेचा रोध सुमारे ०·०३५ ओहम असतो. ६ व्होल्टच्या मंडलात ६० वॉटच्या दिव्याला १० अँपिअर प्रवाह लागतो व दाब ०·३५ व्होल्टने, म्हणजे सु. ६ टक्क्यांनी घटतो. तंतुदिव्याचा प्रकाश तेवढ्यानेच जवळजवळ एक-पंचमांशाने मंदावतो. १२ व्होल्टला हीच घट दीड टक्का राहते. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकी कारखान्यांनी १२ व्होल्ट स्वीकारले, त्यात शक्तिमान एंजिनांच्या आरंभकाबरोबर या हिशेबाचाही वाटा होता.

म्हणून आधी तार निवडावी आणि वितळतार तिला सोसेल त्याहून मोठी नसावी. येथे अंकांनीही घोटाळा केला. ब्रिटिश लुकास पद्धतीच्या काचनळीवरील ३५ हा वितळण्याचा अंक असे, सतत वाहू शकणारा प्रवाह त्याच्या निम्मा. अमेरिकी नळीवरील अंक मात्र सतत प्रवाहाचा. एकीच्या जागी दुसरी बसविली की तार उघडी पडे. चांदीचा वर्ख गुंडाळणाऱ्यांविषयी तर बोलायलाच नको.

घटमालेजवळच्या मुख्य तारेसाठी पुढे वितळदुवा आला : तारेपेक्षा मापश्रेणीत चार क्रमांकांनी बारीक, न पेटणाऱ्या आवरणाचा तुकडा. १९७६ मध्ये लिटलफ्यूज कंपनीने पात्याच्या आकाराची वितळतार आणली. तिच्यात १० अँपिअरला तांबडा, १५ ला निळा, २० ला पिवळा व ३० ला हिरवा असे रंग असतात. आरंभकाची जाड तार मात्र तिच्या प्रचंड प्रवाहामुळे बहुधा वितळतारेविनाच ठेवतात. तेथे भिस्त असते ती आखूड मार्गावर व भक्कम निरोधनावर.