हरकती आणि सूचनांची कुळकथा

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात अधूनमधून एक जाहीर नोटीस येते. प्रारूप विकास आराखडा तयार आहे, नकाशे कार्यालयात पाहता येतील, हरकती व सूचना मुदतीत लेखी द्याव्यात. पुढची वीसेक वर्षे रस्ते कुठून जाणार, मैदाने आणि कारखाने कुठे येणार, याविषयी सामान्य माणसाला विचारण्याची ही रीत शंभर वर्षांहून जुनी आहे.

तिचे मूळ 1915 च्या मुंबई नगररचना कायद्यात आहे. इंग्लंडच्या 1909 च्या कायद्याच्या धर्तीवर झालेला हा हिंदुस्थानातला असा पहिला कायदा. वेड्यावाकड्या जमिनी एकत्र करायच्या, रस्ते आखायचे आणि उरलेले भूखंड मूळ मालकांना नव्याने वाटायचे, अशी त्याची पद्धत. वाटणी आली की तंटा आलाच, म्हणून मालकाचे म्हणणे ऐकण्याची सोय झाली. पण ते मुख्यतः जमीनमालकाचेच.

त्याच दशकात पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश अभ्यासक भारतात आले. आधी गल्लीबोळ पायी हिंडा, मग नकाशा काढा, असा त्यांचा आग्रह. होळकरांच्या इंदुरात त्यांनी दिवाळीची मिरवणूक ठरवली आणि जाहीर केले की जी आळी स्वच्छ, तिथूनच ती जाईल. घरोघरी झाडलोट, रंगरंगोटी सुरू झाली. मिरवणुकीच्या शेवटी घाणीच्या राक्षसाचे आणि प्लेगच्या उंदराचे दहन झाले. नगररचना कार्यालयातून चव्हाट्यावर आली. पुढे 1919 मध्ये गेडिस मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले.

स्वातंत्र्यानंतर 1954 च्या कायद्याने विकास आराखडा स्थानिक संस्थांवर बंधनकारक केला. 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम 26 खाली आज कोणीही हरकत घेऊ शकतो. मुदत 30 दिवसांची. त्यापुढे नियोजन समितीपुढे सुनावणी.

एका सूचनेत किती बळ असते, हे मुंबईने पाहिले आहे. 1964 मध्ये मुंबईचा प्रारूप आराखडा आला, तेव्हा वास्तुविशारद चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता व अभियंते शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवे शहर वसवा, असा पर्याय मांडला. त्यासाठी 1970 मध्ये सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झाले, नवी मुंबई उभी राहिली. पण ज्या 95 गावांच्या जमिनी गेल्या, त्यांना असे कोणी विचारले नव्हते. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या या गावकऱ्यांच्या आंदोलनावर गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले. गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क त्या रक्तातून आला.

गोव्याने वेगळी वाट धरली. तिथला ‘प्रादेशिक आराखडा 2011’ या नावाचा आराखडा लोकांनी गोवा बचाव अभियानातून हाणून पाडला, 2007 च्या सुरुवातीला सरकारने तो मागे घेतला. नव्या आराखड्याच्या कृती दलात कोरिया होते. या वेळी गावांचे नकाशे पंचायतींकडे गेले, ग्रामसभांत त्यावर चर्चा झाली. पुढे 2012 मध्ये तोही स्थगित झाला, पण नकाशा गावात आधी न्यावा, हा धडा राहिला. आखून झाल्यावर मागवलेली हरकत रेघ फारतर वाकवते. रेघ कुठून जावी हे ठरवायचे, तर विचारणा आधी हवी.

बेंगळुरूलगतच्या बोम्मसंद्र्याला ही निकड आज आहे. आनेकल तालुक्यातली ही औद्योगिक वसाहत. होसूर रस्ता, कारखाने, मोठी रुग्णालये आणि ऑगस्ट 2025 पासून मेट्रोची पिवळी मार्गिका. मेट्रो आली की जमिनीचा भाव आणि वापर दोन्ही बदलतात. कर्नाटकाच्या 1961 च्या कायद्यातही आराखड्यावर लोकांचे म्हणणे मागवण्याची तरतूद आहे. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कामगारानेही ते मांडले पाहिजे. तळे, पदपथ, शाळा त्यालाही लागतात.

म्हणून पुढची नोटीस दिसली की नकाशा पाहून या. सर्व्हे नंबर लिहा, जागेवर आज काय आहे ते लिहा, काय हवे ते एका वाक्यात सांगा, आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.