विस्मरण

शिकलेली, अनुभवलेली किंवा करायची ठरवलेली गोष्ट हवी त्या वेळी न आठवणे. बोलताना सगळ्यालाच ‘विसरलो’ म्हटले जाते. पण गोष्ट मनात मुळात न नोंदली जाणे, नोंद पुसट होणे आणि नोंद असूनही न सापडणे हे तीन वेगळे प्रकार आहेत. त्यांवरचे उपायही वेगळे आहेत.

मापन : जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरसमूहांच्या याद्या ते पाठ करीत आणि काही काळाने त्याच याद्या पुन्हा पाठ करताना श्रम किती वाचले, हे मोजीत. ही बचत तासाभराने सुमारे ४४ टक्के, दिवसाने ३४ टक्के आणि ३१ दिवसांनी २१ टक्के भरली. विस्मरणाचा मोठा भाग पहिल्या काही तासांतच उरकतो, पुढे त्याचा वेग मंदावतो.

कारणे : पहिले कारण लक्ष नसणे. चष्मा ठेवताना लक्ष फोनवर असेल, तर जागेची नोंदच होत नाही. दुसरे कारण सरमिसळ. नवा फोन नंबर सांगताना जुन्याचे आकडे तोंडात येतात. जेंकिन्स व डालेनबाख यांना १९२४ मध्ये असे आढळले, की पाठांतरानंतर झोपलेली व्यक्ती तितकाच वेळ जागी राहिलेल्यापेक्षा कमी विसरते; झोपेत सरमिसळ करणारे नवे काही मनात शिरत नाही. तिसरे कारण खूण हरवणे. ओट्यापासून आतल्या खोलीत गेल्यावर ‘कशाला आलो?’ असा प्रश्न पडतो आणि ओट्याशी परतताच उत्तर मिळते. गॉडन व बॅडली यांच्या १९७५ च्या प्रयोगात पाणबुड्यांना पाण्याखाली शिकलेले शब्द पाण्याखालीच अधिक आठवले.

मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा भाग नव्या आठवणी घडवण्यासाठी आवश्यक असतो. १९५३ मध्ये अमेरिकेत अपस्मारावरील शस्त्रक्रियेत हेन्री मोलेसन यांच्या मेंदूतील या भागाचा बराच अंश दोन्ही बाजूंनी काढला गेला. त्यानंतर त्यांना नव्या घटना लक्षात ठेवता येईनात. आरशात पाहून चांदणी गिरवण्यात मात्र त्यांचा हात सरावाने बसत गेला. आपण हे आधी केले आहे, याची त्यांना आठवण नसे.

उपाय : पुन्हापुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवून पाहणे अधिक टिकाऊ ठरते. रोडिगर व कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगात पाच मिनिटांनंतर पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्यानंतर मात्र आठवून पाहणारे. उजळणी एका बैठकीत उरकण्याऐवजी अंतराअंतराने करावी. दिवेलागणीच्या परवच्यात या दोन्ही गोष्टी साधत : पाढे न पाहता म्हणायचे आणि रोज म्हणायचे. त्याची मर्यादाही आहे. ‘सात आठे?’ असे विचारताच मूल ‘सात एके सात’पासून सुरुवात करते, कारण प्रत्येक ओळीची खूण आधीच्या ओळीत असते. म्हणून पाढे उलटसुलटही विचारावेत. वेदपठणातील जटा व घन या पाठपद्धतींत पदे पुढेमागे फिरवून म्हणतात, त्यामुळे प्रत्येक पद दोन्ही बाजूंच्या पदांशी जोडले जाते.

सुट्या गोष्टी एकत्र गुंफणे हाही उपाय आहे. ‘तानापिहिनिपाजा’ या एका शब्दात इंद्रधनुष्याचे सात रंग क्रमाने बसतात. करायच्या कामासाठी पदराला खूणगाठ मारतात. पण गाठ ‘काहीतरी आहे’ एवढेच सांगते, काय ते सांगत नाही. त्यामुळे खूण कामाशीच जोडलेली बरी : न्यायची छत्री दाराच्या कडीला अडकवावी. पुरेशा झोपेला मात्र कोणतीही युक्ती पर्याय नाही.

वैद्यकीय बाजू : नाव ओठांवर येऊन अडणे सर्वांनाच घडते. तोच प्रश्न वारंवार विचारणे, ओळखीच्या रस्त्यावर चुकणे, नेहमीचा हिशेब न जमणे ही लक्षणे दिसल्यास तपासणी करावी. त्यामागे स्मृतिभ्रंश असू शकतो. तसेच ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडची मंदता, नैराश्य किंवा काही औषधेही असू शकतात आणि यांवर उपचार होऊ शकतो.